आर शिकायला गेले आणि खडकांनीच शाळा घेतली

जिऑलॉजीवाल्यांचं आणि एक्सेलचं नातं जुनं आहे आणि मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. ओढ्यानाल्यातल्या गाळाचे नमुने लॅबला पाठवायचे, लॅबकडून भलीमोठी शीट येते, एका ओळीत एक सॅम्पल आणि आडवे कॉलमच कॉलम, सिलिका ॲल्युमिना टक्क्यात, झिंक लेड कॉपर पीपीएममधे म्हणजे दहा लाखात किती भाग असे, मग त्यातले दोन कॉलम सिलेक्ट करायचे, ग्राफ टाकायचा, ट्रेंडलाईन ओढायची, झालं. गाडी अडली ती लॅबने बरेच नमुने पुन्हा तपासून सुधारित शीट पाठवली तेव्हा, कारण आता सगळे ग्राफ, सगळे टेबल परत पहिल्यापासून करणं आलं. एक सीनियर म्हणाली, आर नावाची स्टॅटिस्टिक्ससाठीची प्रोग्रामिंग भाषा आहे ती शीक, एकदा स्क्रिप्ट लिहून ठेवलीस की फाईल बदलायची आणि रन मारायचं. म्हणजे निव्वळ कंटाळ्यापोटी मी आरला हात घातला, स्टॅटिस्टिक्सची गोडी वगैरे काही नव्हती.

आर हे मुळात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी नव्वदच्या दशकात सुरू केलं, १.० व्हर्जन आलं २९ फेब्रुवारी २००० ला. फुकट आहे. वरून आरस्टुडिओ टाकलं की लिहायला, ग्राफ बघायला सोयीचं पडतं. पायथॉन का नाही हे मला प्रत्येक जण विचारतो. पायथॉननेही हे सगळं होतं, त्यावर भांडण नकोच, पण जिओस्टॅटिस्टिक्सची आणि जिऑकेमिस्ट्रीची पॅकेजेस, म्हणजे आयत्या कमांडचे संच, आरमधे चांगली मुरलेली आहेत, आयसोटोपवरून वय काढायला आयसोप्लॉटआर, अग्निजन्य खडकांचे नेहमीचे डायग्राम काढायला जीसीडीकिट, अशी जिऑलॉजीवाल्यांनीच स्वतःच्या गरजेपोटी लिहिलेली. आणि खरं कारण विचाराल तर माझ्या आसपासचे लोक आरवाले होते, अडलं की विचारायला माणूस लागतो.

सुरुवातीला रीतसर ऑनलाईन कोर्स लावला. व्हेक्टर म्हणजे काय, लिस्ट म्हणजे काय, फॉर लूप, फंक्शन, आणि सराव कशावर तर फुलांच्या पाकळ्यांची लांबी आणि गाड्यांचं मायलेज. वाईट काही नाही त्यात, पण दुसऱ्या दिवशी काही म्हणजे काही आठवायचं नाही, कारण पाकळीची लांबी किती आली याच्याशी मला घेणंदेणंच नव्हतं. शेवटी कोर्स सोडून दिला आणि आरमधे आयते मिळणारे डेटासेट चाळत बसले तर लक्षात आलं की यात जिऑलॉजी भरपूर आहे. ऑकलंडमधल्या माउंगा व्हाउ ज्वालामुखीच्या उंचीचा ग्रिड आहे, यलोस्टोनमधल्या ओल्ड फेथफुल गीझरच्या २७२ उद्रेकांच्या नोंदी आहेत, आणि फिजीजवळच्या १००० भूकंपांची यादी आहे. माझं खरं शिक्षण या भूकंपांपासून सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

त्या यादीत अक्षांश, रेखांश, खोली, मॅग्निट्यूड आणि किती स्टेशनांनी नोंद केली एवढे पाचच कॉलम. मी आडव्या अक्षावर रेखांश आणि उभ्या अक्षावर खोली टाकली, आणि खोली खालच्या दिशेने वाढायला हवी म्हणून उभा अक्ष उलटा केला, जीजीप्लॉट या ग्राफ काढायच्या पॅकेजमधे त्याला एक ओळ पुरते. स्क्रीनवर जे आलं ते बघून मी खुर्चीत सरसावून बसले. उजवीकडे म्हणजे पूर्वेला उथळ भूकंप, आणि तिथून पश्चिमेकडे जावं तसतसे ठिपके खोल खोल उतरत पार साडेसहाशे किलोमीटरच्याही खाली गेलेले. टोंगा ट्रेंच या समुद्रतळावरच्या खोल चरापाशी पॅसिफिक प्लेट खाली घुसते हे परीक्षेत कितीदा तरी लिहिलं होतं, तो प्लेटचा बुडणारा भाग, स्लॅब, इथे तीन ओळींच्या कोडमधे तिरका दिसत होता. डावीकडे ठिपक्यांचा वेगळा पुंजका, तो दुसऱ्या भूकंपपट्ट्याचा. त्यानंतर मग मी त्या डेटाला प्रश्न विचारायला लागले आणि प्रश्नापुरतं आर आपोआप येत गेलं. रेखांश १८८ पर्यंत कसे काय जातात? कारण तो भाग १८० रेखावृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलाय, पलीकडचे आकडे उणे १७२ असे लिहिले असते तर एकच पट्टा ग्राफच्या दोन टोकांना जाऊन पडला असता. ४० किलोमीटरपेक्षा उथळ भूकंप एकही का नाही? पृथ्वीने तिथे सुट्टी घेतलेली नाही, यादीतच त्याच्या वरचे नाहीयेत. मॅग्निट्यूड ४ च्या खालचेही नाहीत. म्हणजे कोणीतरी चाळणी लावून मग डेटा आपल्या हातात दिलाय, आणि ही चाळणी कुठली हे कळल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही. फॉर लूपच्या धड्यात हे कोणी शिकवत नाही.

गीझरच्या डेटावर पहिल्यांदा सरासरी काढली, उद्रेक सरासरी साडेतीन मिनिटांचा. मग हिस्टोग्राम, म्हणजे किती मिनिटांचे उद्रेक किती झाले याचा स्तंभालेख, काढला तर दोन उंचवटे, एक दोन मिनिटांच्या आसपास आणि दुसरा साडेचारच्या आसपास, आणि साडेतीन मिनिटं नेमकी मधल्या खड्ड्यात. सरासरी इतका वेळ चालणारे उद्रेक फारच थोडे. तेव्हापासून हिस्टोग्राम बघितल्याशिवाय मी मीनचं नाव काढत नाही.

बरं, आता आपला स्वतःचा डेटा. इथे आरची सिंटॅक्स वगैरे बाजूलाच राहिली, निम्म्याहून जास्त वेळ नुसत्या साफसफाईत गेला, आणि ज्यांनी ज्यांनी हे केलंय ते सगळे हेच सांगतील. लॅबची शीट वाचली आणि कुठल्या कॉलममधे काय प्रकारचा डेटा आहे ते सांगणारी एसटीआर कमांड मारली तर कॅडमियमचा कॉलम आकडे न दाखवता टेक्स्ट दाखवतोय. का, तर मधेच कुठेतरी '<०.५' असं लिहिलंय, म्हणजे मशिनच्या मोजण्याच्या मर्यादेच्या खाली. ते एक चिन्ह आलं की अख्खा कॉलम टेक्स्ट. ४.० च्या आधीच्या आरमधे तर अजून मज्जा, असा कॉलम न सांगता फॅक्टर म्हणजे गटांच्या नावांची यादी व्हायचा आणि त्याला आकडा कर म्हटलं की खऱ्या किमतीऐवजी १, २, ३ असे आतले नंबर हातात ठेवायचा, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. जुने ट्युटोरियल बघून शिकत असाल तर हे ध्यानात ठेवा. मग कुठे मोजमाप नाही म्हणून उणे ९९९ भरलेलं, ते काढलं नाही तर सरासरी पार पाताळात. सॅम्पल नंबर 'एमएआर-५' असेल तर एक्सेलने त्याची केलेली ५ मार्च, आणि 'तीन ई पाच' असेल तर ३ लाख. सोडियमचा कॉलम लॅबने त्याच्या रासायनिक चिन्हाने पण कॅपिटलमधे 'एनए' लिहिला असेल तर आरला ते मिसिंग व्हॅल्यूचं चिन्ह वाटतं, मग ते कॉलमच्या नावापुढे एक टिंब चिकटवून देतं आणि आपण सोडियम गेला कुठे म्हणून शोधत बसतो.

त्या '<०.५' चं करायचं काय हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा बराच खोल निघाला. सगळेजण मर्यादेच्या निम्मी किंमत घालतात, म्हणजे ०.२५. थोडेच नमुने असे असतील तर खपून जातं. पण अर्धे नमुने मर्यादेखाली असतील तर हिस्टोग्रामच्या डाव्या टोकाला एक खोटा मनोरा उभा राहतो आणि स्टँडर्ड डेव्हिएशन वगैरे सगळं त्या मनोऱ्याच्या मर्जीवर चालतं. यासाठी वापरतात ती पद्धत वैद्यकीय संशोधनातून आलीये, पेशंट किती काळ जगले हे मोजताना जे अभ्यास संपेपर्यंत जिवंतच असतात त्यांचं काय करायचं यासाठीची कॅप्लान-मायर, फक्त इथे ती उलटी फिरवून घ्यायची, कारण आपल्याला 'इतक्यापेक्षा जास्त' ऐवजी 'इतक्यापेक्षा कमी' एवढंच माहीत असतं. डेनिस हेलसेल यांनी पर्यावरणाच्या डेटासाठी यावर बरंच काम केलंय आणि त्यांच्या पद्धती नाडा नावाच्या पॅकेजमधे आहेत. मला हे वाचून गंमत वाटली की कॅन्सरच्या अभ्यासातलं गणित माझ्या चिखलाच्या कामाला येतंय.

एवढं सगळं पार पडल्यावर कोरिलेशन मॅट्रिक्स काढली. एक ओळ, आणि सगळ्या कॉलमचं सगळ्या कॉलमशी नातं समोर. सिलिकाच्या रांगेत जवळजवळ सगळं निगेटिव्ह, म्हणजे ती वाढली की दुसरं कमी. ॲल्युमिना, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सगळ्यांशी. याचं जिऑलॉजिकल स्पष्टीकरण देणं अजिबात अवघड नाही, क्वार्ट्झ वाढलं की बाकीची खनिजं कमी, किंवा ग्रेन साइझ म्हणजे कणांचा आकार, किंवा वेदरिंग म्हणजे खडकांची झीज, जिऑलॉजीवाल्याला कुठल्याही ग्राफवर गोष्ट रचता येते. पण त्याच सीनियरने विचारलं, बेरीज किती येते गं? बेरीज अर्थातच शंभर. टक्केवारीच आहे ती. एका बाकावर चौघं बसलीयेत आणि त्यातला एक जण पसरला तर बाकीच्यांना अंग चोरावंच लागणार, त्याचा अर्थ त्यांचं आपसात वैर आहे असा होत नाही.

तरी मला ते पटेना, म्हणून तिने सांगितलेला प्रयोग केला आणि तो प्रत्येकाने करून बघावा असा माझा आग्रह आहे. आरकडून तीन रँडम कॉलम मागायचे, एक २० ते ९० मधला, दुसरे दोन ५ ते १० मधले. एकमेकांशी काडीचा संबंध नाही, कोरिलेशन शून्याच्या आसपास. आता प्रत्येक ओळीची बेरीज काढून त्या ओळीला त्या बेरजेने भागायचं, १०० ने गुणायचं, आणि परत कोरिलेशन काढायचं. मोठ्या कॉलमचं छोट्या दोघांशी घसघशीत निगेटिव्ह आणि छोट्या दोघांचं एकमेकांशी चांगलंच पॉझिटिव्ह. नातं कुठून आलं? भागाकारातून! खडक नाही, नदी नाही, नमुना नाही, नुसते रँडम आकडे, आणि तरी त्यावर पानभर डिस्कशन लिहिता येईल असा निकाल. मी त्या दिवशी माझ्या मसुद्यातले बरेच परिच्छेद बाजूला काढून ठेवले.

हा घोळ नवा नाही हे अजून आश्चर्य. समान भाजक असलेल्या गुणोत्तरांमधे खोटं कोरिलेशन दिसतं हे कार्ल पिअर्सनने १८९७ मधेच सांगून ठेवलंय, खडकांच्या टक्केवारीबद्दल फेलिक्स चेसने १९६० मधे लिहिलं, आणि त्यावरचा तोडगा जॉन एचिसनने १९८२ मधे मांडला. तोडगा असा की टक्केवारीकडे सुटं बघायचंच नाही, घटकांचं एकमेकांशी गुणोत्तर काढून त्याचा लॉग घ्यायचा. सेंटर्ड लॉग-रेशो म्हणतात त्यात प्रत्येक घटकाला त्या ओळीच्या जिऑमेट्रिक मीनने (गुणाकारावरून काढलेल्या सरासरीने) भागून लॉग घेतात. आरमधे कॉम्पोझिशन्स नावाचं पॅकेज आहे त्यात हे एका कमांडमधे होतं. पण एका कमांडमधे होतं म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही, कारण या लॉग-रेशोंची प्रत्येक ओळीतली बेरीज शून्य येते, म्हणजे एक बंधन अजून आहेच, त्यामुळे त्यांचं साधं कोरिलेशन काढून परत तीच गोष्ट सांगत बसता येत नाही. बायप्लॉट, म्हणजे नमुने आणि घटक एकत्र दाखवणारा आलेख, काढून कोणते घटक एकमेकांसोबत चालतात ते बघणं मला जास्त भरवशाचं वाटतं. शिवाय आरमधे नुसतं लॉग लिहिलं की तो नॅचरल लॉग असतो, ग्रेन साइझच्या फाय स्केलला पायाला २ असलेला लॉग लागतो, तो वेगळा मागावा लागतो. हे आपलं जाता जाता.

दिशांचा डेटा हा अजून एक नमुना. प्रवाहाची दिशा दाखवणारे क्रॉस-बेडिंगचे, म्हणजे खडकातल्या तिरक्या थरांचे, मोजमाप होते. एक ३५० अंश, एक १० अंश, दोन्ही जवळपास उत्तरेकडेच, आणि आरला मीन विचारलं तर तो शांतपणे १८० सांगतो, थेट दक्षिण! कंपास धरलेल्या कोणालाही हे हास्यास्पद वाटेल पण दोनशे ओळींच्या कॉलममधे ते दिसत नाही ना. तिथे प्रत्येक दिशेचे साइन आणि कोसाइन काढून त्यांची सरासरी घ्यायची आणि त्यावरून परत कोन काढायचा, किंवा सर्क्युलर पॅकेज वापरायचं. आरचे साइन-कोसाइन रेडियनमधे चालतात, अंश तसेच घातले तर काहीबाही उत्तर येतं आणि तेही बिनतक्रार. जॉइंटच्या स्ट्राईकसारखं, म्हणजे खडकातल्या भेगेच्या दिशेसारखं, असेल, जिथे ३० आणि २१० एकच रेषा, तर आधी सगळे कोन दुप्पट करायचे, सरासरी काढायची, मग निम्मे करायचे. ही दुपटीची युक्ती मला फार आवडली.

एव्हाना मला क्रिगिंगचे, म्हणजे नमुन्यांवरून मधल्या जागांच्या किमतींचा अंदाज काढायच्या पद्धतीचे, वेध लागले होते कारण खरं सांगू का, सगळ्यांच्या प्रेझेंटेशनमधे तोच रंगीत नकाशा असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींमधे ब्लॉकमधलं सोनं सारखं चुकीचं अंदाजलं जातं यावर डॅनी क्रिगने १९५१ च्या सुमारास काम केलं, पुढे फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉनने त्याला गणिताची चौकट दिली आणि नावही क्रिगचंच दिलं. शिकायला जीस्टॅट पॅकेज आणि युरोपातल्या म्यूज नदीच्या पूरमैदानातल्या मातीचा डेटा, १५५ नमुने, कॅडमियम कॉपर लेड झिंक. झिंकचं मीडियन म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा ३२६ पीपीएम आणि मीन म्हणजे सरासरी जवळपास ४७०, एवढ्यावरूनच कळतं की काही थोडे नमुने फार वर आहेत, कमाल १८३९. म्हणून लॉग घ्यायचा. मग व्हेरिओग्राम, म्हणजे दोन नमुने एकमेकांपासून जितके लांब तितका त्यांच्यातला फरक किती वाढतो याचा आलेख. या डेटात तो वाढत वाढत साधारण ९०० मीटरला सपाट होतो, त्यापलीकडचा नमुना तुम्हाला इथल्या झिंकबद्दल फारसं काही सांगू शकत नाही. आणि अंतर शून्याकडे नेलं तरी फरक शून्य होत नाही, थोडा उरतोच, त्याला नगेट म्हणतात.

माझा सल्ला विचाराल तर व्हेरिओग्रामवर हवा तितका वेळ घालवा आणि नकाशाला शेवटी हात लावा. नकाशा कायम सुंदरच येतो. जिथे एकही नमुना नाही तिथेही क्रिगिंग गुळगुळीत रंग भरून देतं, त्यामुळे सोबतचा व्हेरियन्सचा, म्हणजे अंदाज कुठे किती कच्चा आहे ते दाखवणारा, नकाशा बघायचाच, तो मात्र प्रेझेंटेशनमधे कोणी दाखवत नाही. अजून एक, अक्षांश-रेखांश अंशातच ठेवून अंतरं मोजू नका. ६० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या निम्मा भरतो, म्हणजे साध्या एक्स-वाय सारखं मोजलं तर पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट धरलं जाणार. आधी एसएफ पॅकेजने मीटरवाल्या प्रोजेक्शनमधे न्यायचं.

आता कोड लिहून द्यायला एआय असतोच, मीही वापरते, ग्राफचे अक्ष फॉन्ट वगैरे कटकटींसाठी उत्तम. पण त्याला कोरिलेशन काढून दे म्हटलं तर तो काढून देतो, बेरीज शंभर येते का हे तो स्वतःहून विचारेलच असं नाही, ते ज्याने नमुने गोळा केलेत त्यालाच माहीत. आरच्या मदतीच्या पानांबद्दलही एक सांगते, ती वरून वाचू नका, वरचं वर्णन डोक्यावरून जातं, थेट तळाला जाऊन तिथली उदाहरणं रन करा आणि मग एकेक गोष्ट बदलून काय होतं ते बघा. मी जे काही शिकले ते असंच शिकले.

लॅबची सुधारित शीट आता फाईलचं नाव बदलून चालते, ज्यासाठी सुरू केलं होतं ते काम झालं. सध्या अडलेय ती कॅडमियमपाशीच, कारण लॉग-रेशो घ्यायचा तर शून्य चालत नाही, शून्याचा लॉग आर उणे इन्फिनिटी देतं, आणि मर्यादेखालचे नमुने शून्य म्हणून सोडताही येत नाहीत आणि निम्मी किंमत घातली तर गुणोत्तरं बिघडतात. झेडकॉम्पोझिशन्स नावाचं पॅकेज नेमकं याच दुखण्यासाठी आहे, त्यात पर्याय बरेच आहेत आणि प्रत्येकाने उत्तर थोडं वेगळं येतंय, तेव्हा सगळे पर्याय चालवून बायप्लॉट शेजारी शेजारी लावून बघतेय की कॅडमियम झिंकच्या बाजूने राहतो की जागा बदलतो. कोणी गाळाच्या डेटावर हे केलं असेल तर कुठला पर्याय निवडलात आणि का, तेवढं सांगा.